ऑगस्टात पांढरी बोटं

रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय लेम्पीताई,

तुला धाकट्या सायमाचा नमस्कार, माझ्या दोन्ही गुडघ्यांसकट. (डावा वाकत नाही. त्याच्या वाटचंही उजवाच वाकतो.) डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुला आता स्वच्छ दिसतंय असं तुझ्या लेकाने कळवलं, म्हणून हे पत्र नेहमीपेक्षा बारीक अक्षरात लिहितेय, कागद वाचतो. अ‍ॅरिझोनात यंदा ऊन कसं आहे हे मी विचारणार नाही, कारण तू ते सांगतेस आणि मग मला इथे स्वेटर घालून बसल्याबद्दल उगाच अपराधी वाटतं. दुपारची अंगणात बसू नकोस. घाम गाळायचा तर सौना असते, आणि सौनेनंतर उडी मारायला तळं लागतं, ते तुमच्याकडे नाही, तेव्हा मुकाट्याने घरात बस. सूनबाईंना माझा आशीर्वाद सांग. त्यांनी पाठवलेली निवडुंगाची जेली मी चाखली. हल्ली ती ड्रॉवरच्या कडांना लावते, ड्रॉवर सुरेख सरकतात.

खोक्यात दोन बरण्या आहेत. त्या उघडू नकोस. पत्र संपेपर्यंत हातसुद्धा लावू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पत्रावर लाल डाग पडलेत, ते पाहून घाबरू नकोस, रक्त नाही. आणि आता खुर्ची ओढून बस. तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी नऊ वर्षं सांगितलेली नाही, आणि गेल्या सोमवारी जज, दोन वकील, एक आरोपी आणि गावातली एकोणचाळीस माणसं यांच्यासमोर शपथेवर सांगून बसले. त्या एकोणचाळिसांत आपली चुलतबहीण हेल्मी होती. हेल्मीकडे तुझा फोन नंबर आहे. तिने गप्प राहावं म्हणून मी गेले सहा दिवस रोज एक वेलदोड्याचा पाव भाजून तिच्याकडे पोचवतेय, पण हेल्मीचं पोट किती आणि तोंड किती हे तुला मी सांगायला नको. (मीच का नाही फोन केला? केला होता. दोनदा. तू ‘हॅलो’ म्हणालीस आणि मी ठेवून दिला. तू लेकाला म्हणाली असशील, कुणीतरी विमा विकणारा होता. विमा नव्हता, मी होते.)

तर पहिल्यापासून सांगते. तुला क्लिफर्ड ट्रेंबाथ आठवतो का? मोठ्या कानांचा. दीपगृहाच्या रस्त्यावर पर्यटकांसाठी दुकान काढलं होतं, लाकडी अस्वलं वगैरे विकायचा. माणूस वाईट नाही, माझ्या रूडीच्या अंत्यविधीला त्याने शवपेटीला खांदा दिला होता आणि नंतर खुर्च्याही उचलल्या होत्या. पण गेली तीन वर्षं या बाबाने कारखान्यातला साध्या रासबेरीचा मुरंबा पिंपाने मागवला, इवल्याशा बरण्यांत भरला आणि वर लेबल लावलं, ‘रानातल्या, हाताने वेचलेल्या थिंबलबेरीचा अस्सल मुरंबा’. दुकानात विकला, पोस्टाने चार राज्यांत पाठवला. शिकागोच्या एका बाईंना बरणीत पीचची फोड सापडली, आणि बाईंनी कौतुकाने पत्र लिहून विचारलं की तुमच्या थंडीत पीच कसं पिकवता? ते पत्र दुकानात न जाता चुकून सरकारी खात्यात गेलं. झालं. फसवणुकीचा खटला उभा राहिला आणि काउंटी कोर्टातून चाळीस जणांना बोलावणं आलं, की या, तुमच्यातले बारा ज्युरीत बसवायचे आहेत, कुणाच्या मनात आधीपासून काही आकस नाही ना तेवढं तपासून घेऊ. तारीख? ऑगस्टचा दुसरा सोमवार! ज्याने ही तारीख काढली तो इथला नसणार. वर्षातले अकरा महिने बोलवा, आम्ही स्वेटर विणत बसू. पण थिंबलबेरी पिकायच्या आठवड्यात?

आणि आरोपीचा वकील डेट्रॉइटहून आलेला. मिस्टर ऑग्डेन. तलम सूट, पातळ बूट. त्याला थिंबलबेरी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. पाद्रीबुवांनी त्याला बाहेरच्या बाकावर समजावून सांगितलं, की बाबा, रासबेरीची रानटी बहीण, शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी, तोडता तोडताच बोटांत फुटते, म्हणून दुकानात येत नाही, लावून लागत नाही, आणि तिचा रंग आठवडाभर हातावरून जात नाही. वकील नम्रपणे मान हलवत होता, पण शेवटचं वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. ते शिरलं आत गेल्यावर. न्यायाधीश पेरोंनी आम्हाला उभं केलं आणि शपथेसाठी उजवा हात वर करायला सांगितलं. ताई, चाळीस हात वर गेले आणि त्यातले एकोणचाळीस मनगटापर्यंत लाल! वकील दोन पावलं मागे सरला. त्याचा आरोपी एका मुरंब्याच्या गुन्ह्यात, आणि समोर ही सगळी माणसं खाटीकखान्यातून आल्यासारखी. त्याने पेरोसाहेबांकडे आशेने बघितलं. साहेबांचे दोन्ही हात टेबलाखाली होते.

मग सुरू झाली तपासणी. आरोपीला ओळखणारे किती? चाळीस हात. आरोपीच्या नात्यातले किती? सहा हात, आणि दोन जण हिशोब करत राहिले. सरकारी वकिलीणबाईंना ओळखणारे किती? पुन्हा सगळे. (सरकारी वकील म्हणजे आपली रोझलिन ग. मी चालवायचे त्या शाळेच्या बसमध्ये नऊ वर्षं दुसऱ्या सीटवर बसायची आणि दर गुरुवारी ओकायची. आता काळ्या कोटात काय रुबाबदार दिसते! मला बघून तिने नकळत पोटावर हात ठेवला.) इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण ऑग्डेनच्या मनात आलं, ही माणसं स्वतः मुरंबा करतात, म्हणजे त्यांचा त्याच्या अशिलावर राग असणार, तेव्हा कोण किती वेचतं, कुठे वेचतं ते काढून घ्यावं. त्याने पहिल्या रांगेतल्या पाद्रीबुवांना सरळ विचारलं, तुम्ही थिंबलबेरी कुठे वेचता?

अगं, भर कोर्टात! एखाद्याला बायको का सोडून गेली हे विचारावं, काही वाटणार नाही. पण हे? पाद्रीबुवांनी शपथ घेतलेली, खोटं बोलता येईना. ते म्हणाले, “देवाच्या भूमीवर.” नेमकी कुठे? “देवालाच ठाऊक.” मग तो हेल्मीकडे वळला. हेल्मी म्हणाली, “जंगलात.” कुठल्या जंगलात? “ज्यात झाडं आहेत त्या.” ऑग्डेन लालबुंद झाला, म्हणाला ही माणसं कोर्टाचा अपमान करतायत. पेरोसाहेब शांतपणे म्हणाले, “वकीलसाहेब, या काउंटीत माणसाला त्याचं वय विचारा, पगार विचारा, आजार विचारा. हा प्रश्न पुन्हा विचारलात तर अपमान तुम्ही करताय असं मी धरेन.” मागून कुणीतरी टाळी वाजवली. (मी नव्हते. मी हात खिशात घातले होते.)

कारण चाळीस हातांतला तो एक पांढरा हात माझा होता, ताई.

ऑग्डेनला ते तेव्हाच दिसलं असावं. तो माझ्यासमोर आला आणि मोहर सापडल्यासारखा ओरडला, “नंबर सतरा! तुमचे हात स्वच्छ आहेत!” एकजात सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कोटिलांची सायमा, जिच्या आईच्या मुरंब्यासाठी बिशप वाट वाकडी करून यायचे, तिची बोटं ऑगस्टात पांढरीफटक. मला आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती. शाळेची बस तळ्यात घातली होती तेव्हासुद्धा नाही. (चाकंच भिजली होती. पण लोक अजून सांगतात.) ऑग्डेन खुशीत विचारत होता, म्हणजे बाई, तुम्ही मुरंबा करत नाही? मी म्हटलं, नऊ वर्षं झाली. वा, तो म्हणाला, म्हणजे या प्रकरणात तुमचं मन अगदी कोरं! पण या प्रकरणात माझ्याइतकं बरबटलेलं मन क्लिफर्ड ट्रेंबाथचंही नसेल.

आता ती गोष्ट. मी सहा वर्षांची आणि तू चौदाची, आईने आपल्याला खडकावरून बसत-घसरत, मुळं धरून खाली नेलं होतं, आठवतं? भरलेल्या बादलीवर हात ठेवायला लावून तिने वदवून घेतलं, की ही जागा आपण तिघींची, चौथ्या माणसाला सांगायची नाही, नवऱ्यालाही नाही. आपण पाळलं. रूडी बिचारा अडतीस वर्षं रस्त्यावर ट्रकमध्ये रेडिओ ऐकत बसायचा आणि मी बादली घेऊन आले की एक शब्द न विचारता गाडी सुरू करायचा. तो गेला, आणि पुढच्याच वर्षी माझा डावा गुडघा गेला. खडक उतरता येईना. एकदा प्रयत्न केला, तर तासभर एका मुळाला लोंबकळत पडले होते आणि वरून एक साळिंदर बघत होतं. कुणाला सोबत न्यावं तर आईची शपथ. तुला सांगावं तर तू त्याच रात्री विमानाचं तिकीट काढून मला त्या वाळवंटात नेऊन बसवलं असतंस, आणि मी तुझ्यावर जीव टाकते पण निवडुंगावर टाकत नाही. आणि नाताळला बरणी आली नाही तर तू काय ते ओळखणार. मग मी काय केलं? चर्चच्या शरद बाजारात गेले. तिथे बरण्यांवर नाव लिहीत नाहीत हे तुला माहीतच आहे, आपला मुरंबा मिरवणं म्हणजे गर्व. कुणी केलाय हे न कळता मी तीन बरण्या उचलल्या, घरी आणल्या, आणि आईने मरण्याआधी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेली ती लेबलं होती ना, ‘कोटिला, आपल्या खडकाखालचा’, त्यातलं एकेक वर चिकटवलं. नऊ नाताळ. सत्तावीस बरण्या. आणि दरवर्षी जानेवारीत तुझं पत्र, की सायमे, डोळे मिटून सांगते, ही आपलीच जागा, हिच्यात खडकाची चव आहे, आई समोर उभी राहिली. तुझं ते पत्र आलं की मी दिवसभर जेवत नसे. खरंच सांगते.

तर परत कोर्टात. रोझलिन उठली, माझ्याकडे न बघता सगळ्यांनाच विचारलं (तिला सगळ्यांना हसवायचं होतं, वातावरण फार तंग झालं होतं), की तुमच्यापैकी कुणी कधी बरणीवर तिच्यात नसलेल्या गोष्टीचं लेबल लावलंय का? सगळे हसले. आणि माझा हात वर गेला. मी नेला नाही, तोच गेला. पांढरा, एकटाच. पेरोसाहेब म्हणाले, सायमाबाई, खाजगी असेल तर इथे टेबलाजवळ येऊन हळू सांगा, इतरांना ऐकायची गरज नाही. मी गेले आणि हळूच, त्यांच्या कानाशी, सगळं सांगितलं. गुडघा, रूडी, बाजार, लेबलं, तुझी पत्रं. ताई, एकतीस वर्षं साठ पोरांची बस चालवल्यावर माणसाला ‘हळू’ म्हणजे काय हे कळेनासं होतं. हेल्मी म्हणते, बाहेर पार्किंगमधल्या माणसालाही सत्तावीस हा आकडा ऐकू गेला. मला वाटलं मी कुजबुजतेय. मागे वळून बघते तर पाद्रीबुवांनी चष्मा काढलेला, रोझलिन पाठमोरी उभी, आणि क्लिफर्ड ट्रेंबाथ ओक्साबोक्शी रडतोय. साहेबांनी विचारलं, तुम्ही या खटल्यात निःपक्षपातीपणे बसू शकाल का? मी म्हटलं, साहेब, मी बसायचं तर क्लिफर्डच्या शेजारी बसायला हवं. त्यांनी मला सोडलं. ऑग्डेनने डोकं हातांत धरलं होतं.

आता नंबर अठरा कोण होतं ते सांगते. आधी पाणी पी. आर्विद निस्कानेन.

हो, तोच. ओठ आवळू नकोस, मला इथून दिसतंय. तोच, ज्याच्यावर तू पन्नास वर्षांपूर्वी मुस्ती कुत्रा सोडला होतास, कारण तो आपल्या मागोमाग जंगलात येत होता आणि तू म्हणालीस हा बेरीचोर आहे. पुढचं मला हेल्मीकडून कळलं, कारण साहेबांसमोर तो पुटपुटत होता आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही. साहेबांनी विचारलं, तुम्ही निःपक्षपातीपणे बसाल? तो म्हणाला नाही. का? म्हणाला, बाजारात या बाईंनी घेतलेल्या बरण्या मी केलेल्या आहेत, सत्तावीसच्या सत्तावीस. बरं, मग? “मग यांनी फसवलेलं नाही, साहेब.” साहेब म्हणाले, अहो पण लेबल तर दुसऱ्या जागेचं लावलंय ना? आर्विदने टोपी पिळून पिळून तिची दोरी केली. म्हणाला, “लेबल खरं आहे. याच्यापुढे मी यांच्यासमोर बोलणार नाही. हवं तर तुरुंगात टाका.” हेल्मी सांगते, साहेबांना एका क्षणात उमजलं, खोलीतल्या सगळ्यांना उमजलं, ऑग्डेन सोडून आणि मी सोडून. साहेब म्हणाले, “सोडलं. दोघंही जा. आणि आर्विद, बाईंना घरी पोचव, त्यांच्या गुडघ्याला पायऱ्या झेपत नाहीत.”

मी हेल्मीच्या गाडीतून आले होते आणि तिला अजून सोडलं नव्हतं, म्हणून मी आर्विदच्या ट्रकमध्ये बसले. (हे हेल्मी तुला वेगळ्या सुरात सांगेल.) सहा मैल मी खिडकीतून बघत तुझ्याबद्दल विचार करत होते, की आता ताईला काय तोंड दाखवू. एकदम त्याने गाडी लाकूडतोड्यांच्या जुन्या रस्त्याला वळवली. मी म्हटलं, आर्विद, माझं घर उजवीकडे आहे. तो म्हणाला माहीत आहे. ओढ्याशी गाडी थांबली. त्याने मागून बादली काढली आणि मला हात दिला. सपाट वाट होती, ताई. शंभर पावलं. गवत कापलेलं. आणि समोर, आभाळापर्यंत लाल, ती आपली जागा, आणि तिच्या मागे आपला खडक, ज्याच्यावरून आपण तिघी जन्मभर ढुंगणावर घसरत उतरलो. खालून सपाट वाट होती! आईला माहीत नव्हती, आपल्याला माहीत नव्हती.

तुला कसं कळलं हे, मी विचारलं. तो म्हणाला, तुमच्या बहिणीने कुत्रा सोडला तेव्हा मी झाडावर चढलो. तीन तास कुत्रा खालून हलेना. वरून सगळं दिसलं. ऐकलंस, लेम्पीताई? आपण कुणालाही सांगितलेलं नाही. शपथ आपण मोडलेली नाही. त्याला तूच झाडावर चढवलंस. मी त्याला बादलीने बडवलं असतं, पण बादली त्याच्याच हातात होती. आणि मग तो म्हणाला, “मी फक्त ओढ्याकडची बाजू वेचतो. वरची तुमची. पन्नास वर्षांत तिला हात लावलेला नाही. नऊ वर्षं झाली, तिथली सगळी अस्वलंच खातात. मला वाटलं, मी येतो हे तुम्हाला कळलं म्हणून तुम्ही यायचं सोडलंत.” आणि मुरंबा? तो म्हणाला, आपल्या एकट्याला किती लागणार, म्हणून बाजारात द्यायचो, आणि पहिल्याच वर्षी तुम्ही माझ्याच तीन बरण्या उचलताना बघितलं, तेव्हापासून त्या टेबलाच्या तुमच्या बाजूला ठेवायचो.

मी रडले, ताई. पोटभर रडले. रूडी गेला तेव्हापासून इतकी रडले नव्हते. कारण तुझी जीभ खरी होती! नऊ वर्षं मी मनात म्हणत होते, बिचारी ताई, म्हातारी झाली, काहीही खाऊ घाला तिला आईच दिसते. आणि तुला खरंच आईचीच जागा कळत होती. खडकाची चवही खरी. मी तुला फसवायला निघाले होते आणि नऊ वर्षं इमानाने अस्सल मालच पाठवत बसले. आता सांग, मी गुन्हेगार की नाही? पेरोसाहेबांना विचारावं म्हटलं, पण ते मंगळवारी दुपारी स्वतःच बादली घेऊन कुठेतरी गेले होते. कुठे ते मी विचारलं नाही.

क्लिफर्डने मंगळवारी सकाळी उभं राहून गुन्हा कबूल केला. म्हणाला, सत्तावीस बरण्यांसाठी सायमा एवढं बोलली, मी चार हजारांसाठी गप्प कसा बसू. ऑग्डेन त्याचा कोट ओढत होता, तरी बोलला. त्याला बरण्यांचे पैसे परत करायचे आहेत आणि वर्षभर चर्चच्या स्वयंपाकघरात बरण्या उकळायच्या आहेत. ज्युरी लागलीच नाही. अकरा वाजायच्या आत सगळे बादल्या घेऊन जंगलात, गावात एक माणूस दिसत नव्हता.

माझ्यावर रागाव, पण फार दिवस नको. आपल्याकडे फार दिवस नाहीत.

तुझी, फसवता न आलेली,
सायमा

ता.क. रिकाम्या बरण्या परत पाठव. सत्तावीस पाठवल्या, चौदा आल्या. बाकीच्यांत तू पडद्यांच्या कड्या ठेवतेस हे मला सूनबाईंनी सांगितलंय.

ता.क. गुडघ्याची काळजी करू नकोस आणि तिकीट काढू नकोस. मी अ‍ॅरिझोनात येणार नाही. सपाट वाट सापडल्यावर तर मुळीच नाही.

ता.क. हेल्मी सांगेल की आर्विदचा ट्रक गुरुवारी सकाळी माझ्या दारात होता. होता. शुक्रवारीही होता. आम्ही मुरंबा करत होतो, बेरी ताजी असतानाच उकळावी लागते हे सगळ्या जगाला माहीत आहे. त्याचं म्हणणं, दोन घरांत दोन चुली कशाला पेटवायच्या. मी म्हटलं, मुरंब्यापुरतं ना? तो म्हणाला नाही. (त्याने आजवर लग्न का केलं नाही हे मी विचारलेलं नाही. विचारलं तर तो सांगेल, आणि मी पुन्हा रडेन. रूडीच्या फोटोसमोर बसून रूडीलाही सांगितलं. तो काही बोलला नाही. तसा तो कधीच काही विचारत नसे.)

ता.क. आता बरण्या उघड. दोन्हींवर लेबल नाही. एक मी केलेली, वरच्या बाजूची. एक त्याने केलेली, ओढ्याकडची. डोळे मिटून चाख. आईचं शेवटचं एक लेबल उरलंय, ते पाकिटात घातलंय. कुठली कोणाची हे तुला ओळखता आलं, तर मला फोन करून हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन, जेवढं ऐकू येईल तेवढं. ओळखता आलं नाही, तर ते लेबल ज्या बरणीला लावावंसं वाटेल तिला लाव, आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तुझा तो निळा ड्रेस घालून इथे ये. चर्च अकराला आहे, माझ्या बाजूने उभं राहायला दुसरं कुणी नाही. आज पाद्रीबुवांनी लग्नाच्या वहीत नावं लिहिताना विचारलं, तुमचं दोघांचं जमलं कुठे? आम्ही म्हटलं, जंगलात. कुठल्या, ते त्यांनी विचारलं नाही.